मूळ पान कुणाचे?

अमर चित्र कथेचा जुना अंक हाती आला की मी चित्रांच्या आधी पत्ता पाहते. काही अंकांवर भुलाभाई देसाई रस्त्यावरच्या महालक्ष्मी चेंबर्सचा पत्ता सापडतो. तो इंडिया बुक हाऊसचा काळ. अलीकडच्या अंकांवर मरोळ-मरोशी रस्ता, अंधेरी पूर्व असे छापलेले असते. पत्ता, किंमत, मलपृष्ठावरची जाहिरात आणि आतल्या यादीतला शेवटचा क्रमांक एवढ्यावरून अंक कोणत्या छपाईचा हे बऱ्यापैकी ओळखता येते. मी अंधेरीतच राहते, इथेच उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. 'तेनालीराम' आणि 'बिरबल' हातोहात फिरवणाऱ्या माझ्या मुलांना हे अंक मरोळहून निघतात हे सांगितले की ती माझ्याकडे संशयाने पाहतात. पुस्तके दूर कुठेतरी तयार होतात अशी त्यांची ठाम समजूत आहे.

छापील अंक जमवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. चोर बाजारात, फोर्टच्या पदपथावर, उपनगरांतल्या रद्दीच्या दुकानांत हा व्यवहार कित्येक वर्षे चालू आहे. पण आज मला लिहायचे आहे ते ज्यावरून अंक छापला गेला त्या मूळ पानाबद्दल. चित्रकाराच्या हातचे, शाईचे, खाडाखोडीचे ते पान छपाई संपल्यावर जाते कुठे? आणि ते असते कुणाचे?

आधी ते तयार कसे होत असे ते सांगते. जाड पांढऱ्या कार्डावर चित्रकार आधी पेन्सिलीने चौकटी आखतो, आकृत्या बसवतो. मग ब्रश किंवा टाकाने काळी शाई. चूक झाली तर पांढऱ्या पोस्टर रंगाचा पुट्टा देऊन त्यावर पुन्हा रेषा. मूळ पान छापील पानापेक्षा मोठे असते, कारण कॅमेऱ्याने लहान केल्यावर रेषा घट्ट दिसते आणि बारीक थरथर लपते. रंग बहुधा या पानावर नसतातच. ते वेगळ्या प्रतीवर भरले जात किंवा छापखान्यातल्या माणसाला खुणेने सांगितले जात. संवादाचे फुगे रिकामे ठेवले जात, कारण एकच चित्र इंग्रजीत, हिंदीत, मराठीत, आणखी कितीतरी भाषांत जायचे असे. प्रत्येक भाषेची अक्षरे वेगळी लिहून त्या जागी बसवायची. मी वर्गात नेमके हेच करते. फुगे पांढरे करून चित्रपट्टी मुलांना देते आणि मराठीत संवाद लिहायला सांगते. बी.एड.ला याला चित्रवाचन म्हणतात. माझ्या एका मुलाने कृष्णाच्या तोंडी अस्सल बेहरामपाड्याची भाषा घातली होती. मी पूर्ण गुण दिले.

कृष्णाचा तो अंक राम वाईरकरांचा. अनंत पै यांनी 1967 मध्ये या मालिकेला भारतीय कथांचे वळण दिले तेव्हाची ती सुरुवात, क्रमांक 11. त्याआधीचे दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते. पै यांचीच संहिता, वाईरकरांची चित्रे. पैसा कमी असल्याने सुरुवातीच्या अंकांत पूर्ण रंग परवडत नसत. पिवळा, निळा आणि हिरवा यांवर भागवले जाई. हे ठाऊक असले की जुना अंक पाहताना एक गंमत कळते. रंग अपुरे आहेत म्हणून रेषेवर सगळा भार आहे, आणि वाईरकरांची रेषा तो सहज पेलते. त्याच हाताने पुढे 'टिंकल'मध्ये सुपंडी काढला. डोक्यावर तुरा, तोंडभर हसू, सांगितलेल्या कामाचा विचका. देव आणि बावळट नोकर एकाच माणसाने इतक्या सारख्या प्रेमाने काढलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. वाईरकर 2003 मध्ये गेले. सुपंडी नंतर त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी काढला.

पुण्याचे प्रताप मुळीक हे दुसरे मोठे नाव. 'शिवाजी' या अंकाची संहिता भा. रा. भागवतांची, म्हणजे आपल्या फास्टर फेणेच्या जनकाची, आणि चित्रे मुळीकांची. हेच मुळीक पुढे अमिताभ बच्चनवर बेतलेला 'सुप्रीमो' काढतात आणि 1986 पासून राज कॉमिक्सच्या 'नागराज'लाही रूप देतात. जमवणाऱ्यांच्या जगात त्यांच्या नावाला वजन आहे. किती, ते पुढे सांगते.

तिसरे नाव माझ्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. अमर चित्र कथेचा 'मीराबाई' हा अंक, क्रमांक 36. संहिता कमला चंद्रकांत यांची. चित्रकार युसूफ लियन, पुढचे युसूफ बंगलोरवाला. घराघरांत पोहोचलेली ती एकतारीवाली मीरा एका युसूफने काढलेली आहे. याचा मला अभिमान वाटतो. पण त्याहून महत्त्वाचे हे की त्या काळी कुणाला यात काही विशेष वाटले नाही. चित्रकाराला काम मिळाले, त्याने ते मन लावून केले, अंक वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा छापला गेला. या मालिकेत मुसलमान कसे आणि किती दिसतात यावर अभ्यासकांनी लिहिले आहे, आणि ती टीका मला बरीचशी पटते. रझिया, चांदबिबी, अकबर, कबीर अशी बोटांवर मोजता येणारी नावे, आणि दुसऱ्यांच्या कथांत आले तर बहुतेक वेळा शत्रू म्हणून. पण कागदावरच्या माणसांची मोजदाद करताना कागदामागच्या माणसाला विसरायचे नाही, एवढेच माझे म्हणणे.

कागदामागचा आणखी एक माणूस म्हणजे आबिद सुरती. 1935 चा जन्म, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. गुजराती आणि हिंदीतले कथाकार, 'धर्मयुग'मधल्या ढब्बूजीचे जनक. चित्रकथेशी आपली पहिली भेट कशी झाली ते त्यांनी अनेकदा सांगितले आहे. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. गोदीकडून सैनिकांना घेऊन येणारी गाडी हळू चाले आणि वस्तीतली पोरे तिच्यामागे धावत. सैनिक खाऊ फेकत. एकदा कुणीतरी कॉमिक फेकले. पोरांनी ते ओढून फाडले आणि आबिदच्या हाती एकच पान लागले, मिकी माउसचे. ते गिरवत गिरवत तो चित्र काढायला शिकला. त्याचा पहिला संग्रह तेवढाच, एका फाटक्या पानाचा.

टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने इंद्रजाल कॉमिक्स 1964 मध्ये सुरू केले, किंमत 60 पैसे. आत परदेशी फँटम, म्हणजे हिंदी अंकांतला वेताल. पण बाहेरचे मुखपृष्ठ इथले. सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठे बी. गोविंद, म्हणजे गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवली. आतल्या पट्ट्या अमेरिकेतून आलेल्या आणि त्यांवर कात्री चालवलेली. बाहेर मात्र मुंबईत रंगवलेले अख्खे चित्र. म्हणून आज जुना इंद्रजाल शोधणारा माणूस पुष्कळदा वेतालापेक्षा गोविंद शोधत असतो. 1976 मध्ये याच मालिकेत सुरती यांनी 'बहादुर' आणला. डाकूचा मुलगा. बापाला मारणारा पोलीस अधिकारीच त्याला वाढवतो, आणि मोठा होऊन तो गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभे करतो. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. चित्रे गोविंद यांची. एका सुरतीने लिहिलेला आणि एका ब्राह्मणियाने काढलेला चंबळकडचा हा नायक मुंबईत जन्मला आणि देशभर वाचला गेला. 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडले.

आता मूळ प्रश्नाकडे येते. या सगळ्यांची मूळ पाने?

पूर्वी प्रकाशकाच्या लेखी मूळ पान हा कच्चा माल होता. त्यावरून फिल्म निघाली, प्लेट तयार झाली की त्याचे काम संपले. हे फक्त आपल्याकडे होत होते असे नाही. अमेरिकेत जॅक कर्बी हा फँटॅस्टिक फोर आणि हल्कच्या जनकांपैकी एक. मार्व्हलसाठी त्याने दहा हजारांहून जास्त पाने काढली. ऐंशीच्या दशकात कंपनी इतर चित्रकारांना साध्या एका पानाच्या कागदावर सही घेऊन त्यांची चित्रे परत करत होती. कर्बीपुढे मात्र चार पानांचा करार ठेवला गेला. तो अडून बसला. सहकारी चित्रकार त्याच्यामागे उभे राहिले, आणि शेवटी 1987 मध्ये त्याच्या हाती सुमारे दोन हजार पाने पडली. उरलेली तोवर कुठे कुठे गेली होती. बेल्जियमच्या हर्जेची गोष्ट वेगळी. 'द ब्लू लोटस' या टिनटिनच्या पुस्तकासाठी त्याने 1936 मध्ये एक मुखपृष्ठ रंगवले. छापायला महाग म्हणून ते बाजूला पडले. प्रकाशकाच्या लहान मुलाला ते भेट दिले, असे त्या घराण्याचे सांगणे आहे. कागदावर आजही घड्या आहेत. जानेवारी 2021 मध्ये पॅरिसच्या लिलावात ते सुमारे 32 लाख युरोंना गेले.

आपल्याकडे अशा रकमा नाहीत. पण आपल्याकडे आणखी एक हात होता, ज्याच्या मूळ पानाला कुणी कधीच किंमत लावली नाही. उर्दूची शिक्षिका म्हणून मला तो विसरता येत नाही. तो म्हणजे कातिब. संगणकावर नस्तालिक येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्राचे प्रत्येक पान हाताने लिहिले जाई. मुंबईचा 'इन्किलाब' 1938 चा. त्याच्या पुढच्या पन्नास-एक वर्षांच्या कागदांमागे किती कातिबांचे किती अक्षर असेल याचा अंदाज बांधा. बातमी छापली की लिहिलेले पान टाकाऊ. दुसऱ्या दिवशी नवे पान, नवी शाई. आमच्या एका दूरच्या नात्यातले बडे अब्बा हे काम करत. त्यांनी आयुष्यभर लिहिलेल्यापैकी घरात उरले आहे ते एका लग्नाच्या पत्रिकेचे पान, तेही पत्रिका रद्द झाली म्हणून.

आता मुळीकांच्या नावाचे वजन. चार वर्षांपूर्वी अंधेरी पश्चिमेच्या एका रद्दीच्या दुकानात जुन्या अभ्यासिकांच्या गठ्ठ्यात मला एक जाड कार्ड मिळाले. सहा चौकटी, घोडेस्वार, मागे तटबंदी, फुगे कोरे. समासात फिकट निळ्या पेन्सिलीने मराठीत लिहिलेले: 'बुरूज उंच करा'. सही नाही. दोनशे रुपयांना घेतले. फिकट निळी पेन्सिल ही महत्त्वाची खूण आहे. छपाईचा कॅमेरा ती पकडत नसे, म्हणून संपादक त्याच रंगात सूचना लिहीत. निवृत्त झालेल्या एका चित्रकला शिक्षकांना ते दाखवले. त्यांनी पान खिडकीपाशी तिरके धरले आणि म्हणाले, "बाई, हे छापील नाही. शाईवर बघा, ब्रशचे केस उमटलेत. आणि या घोड्याचा पाय दोनदा काढलाय, खाली पांढरा लावलाय." कुणाचे, हे त्यांना सांगता आले नाही.

पुढच्या महिन्यात जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला दाखवले. त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितले, "आपा, प्रताप मुळीक बोलके रख दो. मैं बीस हजार दिलवाता हूँ."

मी दिले नाही. ते मुळीकांचे असेलही. त्या काळात पुण्या-मुंबईत या वळणाने काढणारे बरेच तरुण हात होते आणि मोठ्या चित्रकाराकडे मदतनीसही असत. पण मी हो म्हटले असते तर ज्याने खरोखर तो घोड्याचा पाय दोनदा काढला, त्याचे नाव सापडण्याची उरलीसुरली शक्यताही संपली असती. पानाच्या पिशवीवर मी लिहिले आहे: चित्रकार अज्ञात. खाली तारीख, जागा, किंमत. बाजाराला अज्ञात आवडत नाही. त्याला मोठे नाव हवे असते, आणि नसले तर तो ते चिकटवतो.

कायदा याबाबतीत थोडा चमत्कारिक आहे, पण जमवणाऱ्याने जाणून घ्यावा असा. मूळ पान विकत घेतले म्हणजे त्याच्या प्रती छापून विकण्याचा हक्क मिळत नाही. वस्तू तुमची, हक्क दुसऱ्याचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने कलम 53अ आले. मूळ चित्र, रेखाटन किंवा हस्तलिखित दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळावा असे ते म्हणते. वाटा दहा टक्क्यांच्या वर नाही. वाचायला छान वाटते. पण त्यात एक अट आहे: चित्रकार त्या कामाच्या हक्काचा पहिला मालक असला पाहिजे. नोकरीत राहून काढलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम 17 प्रमाणे मालकच ठरतो. मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून रंगवलेल्या चित्राचेही तेच. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर प्रकाशकांसाठी पाने काढली, नेमके तेच या वाट्यातून गळण्याची भीती. आणि जे पात्र ठरतील त्यांच्यापर्यंत रद्दीच्या दुकानातला व्यवहार पोहोचणार कसा? तिथे पावतीच नसते.

छापील प्रतींचा, प्रिंटांचा मार्ग मला त्यामानाने स्वच्छ वाटतो. ही गोष्टही इथे जुनीच आहे. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला तो आपली चित्रे सामान्यांच्या भिंतीवर जावीत म्हणूनच. आज जुन्या बाजारात त्या ओलिओग्राफांच्या नावाखाली कालपरवाची ऑफसेट छपाईही विकली जाते. घेण्याआधी भिंग लावा. रांगेत बसलेले सारखे ठिपके दिसले तर ते ऑफसेट. जुन्या दगडी छापात ठिपके असले तरी हाताने दिलेले, वेडेवाकडे. गोव्यात मारिओ मिरांडांच्या चित्रांबाबत चांगले काम झाले. वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी विखुरलेली चित्रे गोळा करून 2008 मध्ये मोठा ग्रंथ काढला. मारिओ गॅलरीतून प्रिंट मिळतात, त्यामुळे शिक्षकाच्या पगारातही मारिओ भिंतीवर लागतो. वाईरकर, मुळीक, गोविंद यांची रेखाटने अशी एका जागी पाहायला मिळावीत असे मला फार वाटते. मुंबईत एवढी कलादालने आहेत. त्यांतल्या एकाने एक भिंत दिली तरी पुष्कळ.

तोवर ज्यांच्या घरात काही आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. मुंबईची हवा कागदाची वैरीण आहे, आणि पावसाळ्यात बंद कपाटात कसर लागतेच. पान लोखंडी पेटीत गुंडाळी करून ठेवू नका, सपाट ठेवा, मध्ये आम्लरहित कागद घाला. सेलोटेप अजिबात नको. दहा वर्षांत तो पिवळा पडतो आणि शाईसकट कागद घेऊन निघतो. लॅमिनेशन करणाऱ्याच्या हाती तर देऊच नका. आणि सर्वांत आधी पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागची बाजूही. कारण नाव, तारीख, छापखान्याचा शिक्का, चहाचा डाग, जे काही सापडायचे ते बहुधा मागेच असते.

माझ्या घोडेस्वाराच्या मागे पेन्सिलीने एक हिशेब आहे. आठ पाने, प्रत्येकी काही रुपये. त्यातून कुणाचे तरी आगाऊ घेतलेले पैसे वजा केलेले, आणि खाली बाकी. आकडे पुसट आहेत, पण वजाबाकी बरोबर आहे. ज्याने हे लिहिले त्याचा 9 चा आकडा खास वळणाचा आहे, शेपूट डावीकडे वळवलेला. त्या काळात चित्रकथांचे काम केलेल्या कुणाची जुनी वही, पावती किंवा पत्र वाचकांपैकी कुणाच्या घरी असेल, तर तेवढा 9 पाहून मला कळवा.